पेन्सिल नंतर, कणीक आधी

ऑक्युपेशनल थेरपी हे नाव ऐकून ते नोकरीधंद्याशी निगडित काहीतरी असावं, असं अनेकांना वाटतं. मराठीत त्याला ‘व्यवसायोपचार’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पण तीन वर्षांच्या मुलाचा व्यवसाय काय? खेळणं, हाताने जेवणं, चड्डी वर ओढणं, दप्तरातला डबा काढून तो उघडणं. वयानुसार ही कामं जमत नसतील तर कुठे अडतंय ते शोधायचं आणि ती जमतील अशी वाट काढायची, एवढंच या उपचाराचं काम आहे. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या अंकासाठी घेतली आहेत. सगळी पाच वर्षांखालच्या मुलांबद्दल आहेत आणि थोडक्यात दिली आहेत.

मुलगी साडेतीन वर्षांची, नर्सरीत आहे. पेन्सिल मुठीत धरते. शाळेतून रोज रेघांच्या सरावाची दोन पानं येतात. दोन ओळी झाल्या की ‘हात दुखतो’ म्हणून रडते. पेन्सिलीला लावायचं रबरी ग्रिप आणलं, फरक नाही. चाळीतल्या एका खोलीत राहतो, टेबल-खुर्चीला जागा नाही. (एक आई, लालबाग)

तिचा हात खरंच दुखतो. ती बहाणा करत नाही. एकदा शेजारी बसून नीट बघा: मूठ आवळलेली, अंगठा बोटांवरून गुंडाळलेला, नखांची टोकं पांढरी पडलेली, मनगट कागदावरून वर उचललेलं आणि रेघ ओढताना अख्खा हात खांद्यापासून हलतोय. एक रेघ ओढायला तिला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागत असते.

पेन्सिल धरण्याच्या पायऱ्या असतात. दीड वर्षाच्या सुमाराला मूठ. दोन ते तीन वर्षांत हात पालथा होतो आणि बोटं पेन्सिलीच्या टोकाकडे सरकतात. साडेतीन-चारच्या आसपास अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशी तीन बोटांची पकड येते, पण हालचाल अजून मनगटातूनच होत असते. बोटांच्या सांध्यांतून बारीक हालचाल व्हायला साडेचार ते सहा वर्षं लागतात. म्हणजे तुमची मुलगी एखाद-दोन पायऱ्या मागे आहे, आजारी नाही. रेघांचंही तसंच. उभी रेघ बघून काढणं दोन ते तीन वर्षांत जमतं, मग आडवी, तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, साडेचारला चौकोन. तिरक्या रेघा आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास येतात. आता आपला ‘अ’ बघा: दोन अर्धगोल, मधली आडवी रेघ, उभा दांडा, वर शिरोरेघ. साडेतीन वर्षांच्या हाताकडून तो मागणं ही घाई आहे.

बोटांची ताकद खांद्यापासून खाली येते. म्हणून महिनाभर पेन्सिल बाजूला ठेवा आणि रोज दहा मिनिटं पुढची कामं करून घ्या. चाळीतल्या खोलीत ती उलट सोपी पडतात.

कणीक पुरीसाठी भिजवतो तशी घट्ट हवी. एक मूठ पीठ आणि अर्धा चमचा तेल पुरतं. पोळीची सैल कणीक दिली तर बोटांना जोरच लागत नाही आणि सगळा वेळ खेळण्यात जातो. इथेच बहुतेकांचं चुकतं. आधी दोन्ही तळव्यांत लाडू वळायला लावा. मग त्यातून हरभऱ्याएवढ्या दहा गोळ्या फक्त अंगठा आणि दोन बोटांत वळायच्या. करंगळी आणि अनामिका सारखी मध्ये येत असतील तर त्या दोन बोटांखाली कापसाचा छोटा बोळा धरायला द्या. तो पडू नये म्हणून ती बोटं आपोआप मिटून राहतात आणि उरलेली तीन कामाला लागतात.

मटारच्या पंधरा-वीस शेंगा अंगठ्याने दाबून फोडायच्या. वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे हातरुमालाच्या कडेला लावायचे. आणि रांगोळी! चिमटीत रांगोळी धरून ठिपका सोडताना बोटं जशी जुळतात, पेन्सिलीला नेमकी तशीच पकड लागते. फक्त लहान मुलांना दगडाची पूड देऊ नका, ती नाकात जाते. तांदळाचं पीठ द्या. दाराबाहेर चार-चारचे ठिपके काढू द्या, वाकडे आले तरी चालतील.

पाटी भिंतीला टेकवून तिच्या डोळ्यांच्या उंचीवर उभी ठेवा आणि तिला उभ्यानेच काढू द्या. उभ्या पाटीवर मनगट मागे वळतं, लिहिताना ते तसंच लागतं, शिवाय खांद्यालाही काम मिळतं. खडू मुद्दाम तोडून दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा द्या. एवढा तुकडा मुठीत मावतच नाही, बोटांतच धरावा लागतो. रबरी ग्रिपने हे होत नाही. बोटांत जोर नसेल तर रबरावरसुद्धा मूठच वळते.

बसून काढायचं असेल तर टेबल नको. पाट द्या, पाठ भिंतीला टेकवा, समोर तिच्या कोपराच्या उंचीचा चौरंग ठेवा. लाटण्याचा पोळपाट फार खाली येतो, त्यावर वाकून मान दुखते.

शिक्षिकांना भेटून एवढंच सांगा की दोन पानांऐवजी एक ओळ, आणि तीही जाड तेलखडूने. बहुतेक शिक्षिका ऐकतात. साडेचारनंतरही मूठ सुटली नाही, हात थरथरत असेल, ती वारंवार पडत असेल किंवा आधी जमणारी गोष्ट आता जमेनाशी झाली असेल, तर मात्र थेरपिस्टना दाखवा. शेवटच्या बाबतीत आधी डॉक्टरांना.

नातू दोन वर्षं चार महिन्यांचा. मिक्सर, कुकरची शिट्टी सुरू झाली की कान झाकून किंचाळतो. नखं कापू देत नाही, चवड्यांवर चालतो, बोलतो मोजकं. सून म्हणते तपासून घेऊ, मुलगा म्हणतो मुलगे उशिरा बोलतात. गणपतीत काय करायचं याची मला आत्तापासून धास्ती आहे. (एक आजी, मुलुंड)

आजी, सुनेचं ऐका. यातली एकेक गोष्ट सुटी असती तर थोडं थांबायला हरकत नव्हती. चारही एकत्र आहेत, तेव्हा थांबू नका. त्याला काही झालंच आहे, असं आम्ही म्हणत नाही. पण तपासणीने नुकसान काहीच होत नाही आणि वाट बघण्यात महिने जातात.

पहिली तपासणी कानांची. मोठ्या आवाजाला किंचाळतो म्हणजे ऐकू नीट येतं, असं होत नाही. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत लहान मुलांची श्रवण तपासणी होते. दुसरं, स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता चाचपायला बालरोगतज्ज्ञांकडे ‘एम-चॅट’ नावाची पालकांसाठीची वीस प्रश्नांची यादी असते, ती भरून घ्या. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठीच ती आहे, तेव्हा तुमच्या नातवासाठी दोनच महिने उरलेत. तोवर घरी एवढं पाहून ठेवा: हाक मारल्यावर वळतो का, हवं ते बोटाने दाखवतो का, चमच्यातून बाहुलीला भरवल्यासारखं खोटं खोटं खेळतो का.

चवड्यांवर चालणं दोन-अडीच वर्षांपर्यंत अधूनमधून दिसतं. त्याला उकिडवं बसवून पाहा. टाचा जमिनीला टेकत असतील तर पोटरीचे स्नायू मोकळे आहेत. टाचा उचलल्या जात असतील किंवा बसता बसता तो मागे पडत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांनाही दाखवायला हवं. भाजी निवडताना शेजारी उकिडवं बसवून देठं गोळा करायला लावा, पोटरी आपोआप ताणली जाते.

आता आवाज. काही मुलांच्या मेंदूला अचानक आलेला आवाज धोक्यासारखा वाटतो. त्यावर ‘सवय होईल’ म्हणून जबरदस्तीने मिक्सरजवळ धरून उभं करणं हा सगळ्यात वाईट उपाय. त्याने भीती पक्की होते. आवाज कधी येणार, हे त्याला आधी कळायला हवं. ‘आता तीन शिट्ट्या होणार’ असं सांगा आणि बोटांवर मोजा. मिक्सरचं बटण त्याच्या हाताने दाबून घ्या, आधी दोन सेकंद, आणि बंदही त्यालाच करू द्या. आवाज आपल्या ताब्यात आहे हे कळलं की निम्मं रडं जातं. पहिले काही दिवस त्याने दुसऱ्या खोलीच्या दारात उभं राहून ऐकलं तरी चालेल.

नखं आंघोळीनंतर कापा, तेव्हा ती मऊ असतात. आधी प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत घट्ट दाबा. हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श अशा मुलांना सोसत नाही, घट्ट दाब चालतो. मालिशही तशीच करायची: तळवा अंगावरून उचलायचा नाही, सावकाश, एकाच दिशेने. एका दिवशी एकच हात. दहाच्या दहा बोटं उरकायचा हट्ट धरला की दुसऱ्या दिवशी नेलकटर नुसतं दिसलं तरी तो पळतो.

गणपतीत दर्शनाला सकाळी लवकर न्या. विसर्जनाच्या ढोल-ताशांपासून त्याला लांब ठेवा, आणि न्यावंच लागलं तर मुलांच्या मापाचे कानावर बसणारे हेडफोनसारखे मफ मिळतात, ते घाला. पण घरात दिवसभर घालू नका. कानांना शांततेची सवय झाली की साधे आवाजही टोचायला लागतात. कानात कापूस घालण्याचा उपयोग नाही, त्याने आवाज फारसा अडत नाही आणि बोळा आत सरकतो.

मुलगा तेरा महिन्यांचा, सात आठवडे आधी जन्मलेला. सगळं डाव्या हाताने घेतो. उजवी मूठ बहुतेक वेळा बंद असते, अंगठा आत. घरचे म्हणतात डावखुरा आहे. (एक बाबा, कुर्ला)

याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. या उत्तरातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

डावखुरेपणा एवढ्या लवकर दिसत नाही. हाताची आवड साधारण दोन ते चार वर्षांत दिसू लागते आणि पाच-सहापर्यंत पक्की होते. पहिल्या वर्षी बाळ दोन्ही हात वापरतं. एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताचं काय झालंय, हा प्रश्न विचारायचा असतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत सुधारून मोजतात, जितके आठवडे आधी जन्मलं तितके वजा करून, म्हणजे तुमचा मुलगा विकासाच्या हिशेबाने साडेअकरा महिन्यांचा. पण बंद मुठीचं आणि आत गेलेल्या अंगठ्याचं कारण ‘लवकर जन्मला’ एवढं म्हणून मिळत नाही. मेंदूच्या एका बाजूला जन्माच्या आसपास इजा झाली असेल, किंवा जन्मताना खांद्याच्या नसांना ताण बसला असेल, हे तपासावं लागतं. गर्भारपणाची आणि एनआयसीयूची (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची) कागदपत्रं बरोबर न्या.

तपासणी होईपर्यंत खेळणी उजव्या बाजूला ठेवा आणि दोन्ही हात लागतील असे खेळ द्या: मोठा चेंडू, झाकणाचा डबा, टाळ्या. डावा हात बांधून ठेवू नका. चांगल्या हाताला आवर घालून दुसऱ्याकडून काम करवून घेण्याची पद्धत आहे, पण ती थेरपिस्टच्या देखरेखीखाली, ठरावीक तासच करायची असते. मूठ जबरदस्तीने उघडायची नाही. मनगट हलकेच आत वळवलं की बोटं आपोआप सैल पडतात, तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी धरून तो बाहेर काढा. टोकाला धरून ओढला तर सांधा दुखावतो.

मुलगा चार वर्षांचा. मोबाइलशिवाय घास घेत नाही, तोही भरवावा लागतो, दीड तास जातो. कपडेही मीच घालते. मी नोकरी करते, दिवसा सासूबाई सांभाळतात. (एक आई, बोरिवली)

आधी भुकेचा हिशोब करा. दिवसात दूध किती जातं ते लिहून काढा. चारशे-पाचशे मिलीलीटरच्या वर जात असेल तर जेवणाला पोटात जागाच नाही. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी, बिस्किट नाही. हे सासूबाईंशी आधी बोलून ठरवा, नाहीतर तुम्ही ऑफिसला निघालात की बिस्किटाचा पुडा निघेल. त्या ते मायेनेच करतात, म्हणून दोष न देता बोला आणि चार वाजताचं खाणं त्यांच्याच हातात सोपवा.

मोबाइल तिन्ही वेळचा एकदम काढू नका, दुसऱ्या दिवशी सगळे हात टेकतात. संध्याकाळचं खाणं निवडा, त्याच्या आवडीचं. तेवढं एकच मोबाइलशिवाय, आठवडाभर. पुढच्या आठवड्यात रात्रीचं जेवण. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात पडद्याचा वेळ एका तासाहून जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. तुमच्याकडे तो जेवणातच संपतोय.

जेवण तीस मिनिटांत उचलायचं. बसायला अशी जागा हवी की पाय लोंबकळणार नाहीत. खुर्चीवर बसत असेल तर पायाखाली रद्दीचा गठ्ठा दोरीने घट्ट बांधून ठेवा. पाय टेकले नाहीत तर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि मूल उठून पळतं. त्याला आपण ‘एका जागी बसतच नाही’ म्हणतो.

हाताने जेवणं हे आपल्याला वाटतं तेवढं सोपं काम नाही. भात गोळा करायचा, चार बोटांनी दाबायचा, मनगट वळवून तोंडाशी न्यायचा आणि शेवटी अंगठ्याने आत ढकलायचा. मुलांचं बहुधा अंगठ्याशीच अडतं: ती तळवाच तोंडात घालतात आणि निम्मा भात सांडतो. सुरुवात वरणभाताने करू नका. घट्ट दहीभात किंवा मऊ खिचडीचे सुपारीएवढे मुटके करून ताटात ठेवा, त्याने फक्त उचलून खायचं. ते जमलं की मुटका तो करेल, मग पातळ पदार्थ. चमचा हवा असेल तर आखूड दांड्याचा आणि खोलगट घ्या, आणि दांड्याला सुती चिंधी गुंडाळून तो जाड करा.

कपड्यांना एक युक्ती लागू पडते: शेवटची पायरी त्याला, बाकी सगळं तुम्ही. चड्डी कमरेखाली बोटभर राहील इथपर्यंत तुम्ही चढवायची, शेवटचं ओढणं त्याचं. तीन-चार दिवसांनी मांडीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पहिल्या पायरीपासून शिकवायला गेलं की मूल मध्येच कंटाळतं आणि काम पूर्ण झाल्याचा आनंद आपल्याला मिळतो. शेवटून शिकवलं की तो रोज त्याला मिळतो. सकाळी आठच्या लोकलच्या घाईत हे करू नका, रात्रीचे कपडे बदलताना करा.

पाणी पिताना ठसका लागत असेल, वजन वाढत नसेल, किंवा दहा-पंधराच पदार्थ खात असेल आणि तेही कमी होत चालले असतील, तर हा सवयीचा प्रश्न नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं अजून नकोत. द्राक्ष उभं चिरून द्या.

ऑनलाइन ‘सेन्सरी किट’ (स्पर्श, आवाज अशा संवेदनांच्या खेळण्यांचा संच) चार-पाच हजारांना मिळतं. अडीच वर्षांच्या मुलीसाठी घ्यावं का? (वाचक, ठाकूरद्वार)

नको. त्यातले पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर घरातही आणू नका. ते गिळले की आतड्यात फुगतात, आतडं अडतं, आणि एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत. वजनदार पांघरूणही या वयाला नको, ते अंगावरून काढायची ताकद मुलांत नसते. साडीची झोळी बांधून मुलाला एकटं सोडू नका, गळ्याला पीळ पडतो.

त्याऐवजी एक लिटरची भरलेली बाटली एका खोलीतून दुसरीत नेऊ द्या, कपड्यांनी भरलेली बादली ढकलू द्या, पलंगाखालून रांगत चप्पल आणू द्या. स्नायूंना जोर लावणारी कामं मुलांना शांत करतात, म्हणून झोपण्याच्या तासभर आधी ती विशेष उपयोगी पडतात. मोरीत रुंद ब्रश आणि तांब्याभर पाणी देऊन टाइल्स ‘रंगवू’ द्या. डाळ-राजम्यात हात घालून खेळायचं असेल तर तुम्ही समोर बसलेल्या असाल तेव्हाच. राजमा नाकात जातो आणि तिथे फुगतो.

थेरपी सुरू करायची तर कुठे जायचं? एका सेंटरवाल्यांनी आठवड्यातून पाच दिवस आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ सांगितले. आम्हाला बाहेर बसवतात. (आईबाबा, भांडुप)

मुंबईकरांना या बाबतीत एक सोय आहे. भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केलं. केईएम, शीव आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत हा विभाग आहे, हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेतही आहे. गर्दी असते, पण निदान आणि घरचा कार्यक्रम तिथून घेऊन रोजचा सराव घरी करता येतो. मूल अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं, तिथे शंका सांगा.

खासगी ठिकाणी थेरपिस्टची पदवी आणि थेरपिस्टची नोंद ठेवणाऱ्या महाराष्ट्राच्या परिषदेकडची नोंदणी विचारा. पदवीला चार वर्षांहून जास्त काळ लागतो. काही आठवड्यांचा कोर्स केलेल्या व्यक्तीच्या हाती मूल देऊ नका. सहा महिने आगाऊ पैसे भरू नका. उद्दिष्टं कागदावर मागा, आणि ती घरात दिसतील अशी हवीत. ‘सेन्सरी प्रोसेसिंग (मेंदूने संवेदना हाताळणं) सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘तीन महिन्यांत स्वतःच्या हाताने अर्धी वाटी खिचडी खाईल’ हे उद्दिष्ट. तीन महिन्यांनी तेच वाचून बघायचं. काहीच हललं नसेल तर पद्धत बदलायला सांगा.

बाहेर बसवण्याला पहिल्या एक-दोन भेटींत कारण असू शकतं, काही मुलं आईसमोर कामच करत नाहीत. पण कायम बाहेर बसवत असतील तर घरी काय करायचं ते तुम्हाला कळणार कसं? प्रत्येक वेळी शेवटची दहा मिनिटं आत बसू द्या म्हणा आणि घरासाठी दोनच कामं मागा. दहा कामं दिली तर एकही होत नाही.

पाच दिवसांचा फेराही तपासून घ्या. गर्दीच्या लोकलने येऊन-जाऊन दोन तास मोडले की मूल तिथे पोचतं तेच थकून. थेरपीच्या पंचेचाळीस मिनिटांतली पहिली वीस त्याला शांत करण्यात जातात. बहुतेक मुलांना घराजवळ आठवड्यातून दोन वेळा आणि रोज घरी दहा-पंधरा मिनिटं हे जास्त मानवतं. वेळ मागताना दुपारच्या झोपेनंतरची मागा.

पहिल्या भेटीला जाताना जन्माची फाइल न्या, त्याचा नेहमीचा डबा आणि चमचा न्या, आणि घरात जे अडतं त्याचे एकेक मिनिटाचे दोन-तीन व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा. अनोळखी खोलीत मूल जे करून दाखवत नाही, ते त्यात दिसतं. व्हिडिओ काढताना चेहऱ्याबरोबर हात आणि पाय दोन्ही चौकटीत येऊ द्या.